जेवणावरचा चहा

डॉक्टरीणबाईंनी दिवसाला दोन कप सांगितले. मी सहावर सुरुवात केली. बाजारात असंच करतात. आपल्याला चार हवे असतील तर सहा मागायचे, समोरच्यानं दोन म्हटलं की मध्ये कुठेतरी गाठ पडते. बाईंनी मान वर न करता चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "दोन. साखर अर्धा चमचा. आणि जेवणावर अजिबात नाही." मी पाचवर आलो, मग चारवर. बाई दोनवरून हलेनात. शेवटी मी उठलो आणि दारापर्यंत गेलो. हा माझा हुकमी डाव. दारात पोचलेल्या माणसाला समोरचा परत बोलावतोच, यावर मी उभं आयुष्य काढलंय. बाईंनी मला परत बोलावलं नाही. पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मग मीच मागे वळून म्हणालो, "बरं, दोन." ठरलं म्हणजे ठरलं. एकदा हो म्हटल्यावर मी शब्द फिरवत नाही. ज्यांनी फिरवला त्यांना मी विसरतही नाही.

बाई चहाच्या विरोधात नव्हत्या, हे सांगायला हवं. माझं रक्त कमी भरलं होतं, जिना चढताना धाप लागत होती, म्हणून मुलानं तिथे नेलं होतं. त्यांनी सुरुवातीलाच नीट समजावून सांगितलं होतं. चहा काही विष नाही, बेताचा घेतला तर चांगलाच. तरतरी येते, डोकं चालतं, आलं-गवती चहा घातला तर घशाला आणि पोटाला आराम पडतो. पण जेवणाला लागून घेतला तर पालेभाजी आणि डाळीतलं लोह अंगी लागू देत नाही. आधी तासभर आणि नंतर दोनेक तास चहा नको. मला त्यांनी विचारलं, जेवणावर चहा कधीपासून घेता? मी म्हणालो, कमवायला लागल्यापासून. तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. "चहा सोडू नका हो. वेळ बदला."

एवढं साधं वाक्य. पण घरी येईपर्यंत ते माझ्या डोक्यात खिळ्यासारखं टोचत राहिलं. का, ते मला त्या वेळी कळलं नाही. जेवणावरचा चहा म्हटलं की मला एकच माणूस आठवतो, आणि त्या माणसावर माझा राग होता. त्यानं माझा चहा घालवला, असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. चहा मी रोजच पीत होतो. पण ज्याच्याबरोबर प्यायचा तो माणूस गेला की उरतं ते गरम पाणी. आमच्यातलं भांडण मिटवायला माझ्याकडे आता फार वर्षं नव्हती, आणि मिटवायचं कसं, याचा विचार मी कधी केलेला नव्हता. त्यानं तसं का केलं, याचं मला फक्त उत्तर हवं होतं.

माझा धंदा जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचा. गावाहून पुण्यात आलो तेव्हा खांद्यावर एक पोतं होतं आणि गळ्यात आवाज होता. बस, एवढंच भांडवल. पेठांमधून हाळी देत फिरायचो. लोकांच्या घरात स्टील आलं होतं, पाठोपाठ प्लास्टिक आलं, आणि हंडे, कळशा, घंगाळी, बंब दारापाशी येऊन बसले होते. ते मी विकत घ्यायचो. बायका भांड्याकडे बघायच्या, मी बायकांकडे बघायचो. कोणाला विकायची घाई आहे, कोण नुसता भाव काढतंय, कोणाच्या घरात अडचण आहे, हे चेहऱ्यावरून वाचायला शिकलो. शाळेत मी हे शिकलो नाही, कारण शाळेत मी फार गेलोच नाही. लोकांनी टाकून दिलेल्या भांड्यांवर मी कसबा पेठेत खोलीएवढं दुकान घेतलं, मुलाला इंजिनिअर केलं, पुढे वारज्यात फ्लॅट झाला. कोणाचा एक पैसा घेतला नाही. हे मी आत्मस्तुती म्हणून सांगत नाही; भाव सांगताना मालाची जात सांगावी लागते, म्हणून सांगतो.

दुकानाला लागून त्या माणसाची जागा होती. तो तांबट. तांब्याचा पत्रा ठोकून भांडं घडवायचा आणि त्यावर हातोडीनं एकसारखे ठिपके उठवायचा. ऊन पडलं की त्या ठिपक्यांवर उजेड नाचायचा. माझ्याकडे आलेली जुनी भांडी, ज्यांच्यात अजून जीव आहे अशी, तो घ्यायचा. पोचे काढायचा, नव्यानं ठोकायचा, लखलखीत करून विकायचा. वयानं माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. तोंडावर मी त्याला दादा म्हणायचो, तुम्ही म्हणायचो. तो मला शेठ म्हणायचा, आणि त्या शेठमध्ये आदर किती आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत वजन करता आलं नाही.

दोघांच्या दुकानांना मिळून एक दगडी पायरी होती. दुपारी आपापले डबे संपले की आम्ही त्या पायरीवर बसायचो आणि सौदा व्हायचा. सकाळी भाव बोलायचा नाही, कारण सकाळी त्याची हातोडी चालू असायची आणि ओरडून सांगितलेला भाव सगळ्या आळीला कळायचा. दुपारी शांत वेळ. मी भांडं पुढे ठेवायचो, तो नखानं टिचकी मारून आवाज ऐकायचा, तोंड वाकडं करायचा. मी भांड्याची तारीफ करायचो, तो त्याची निंदा करायचा. असं बराच वेळ. मग एकदा भाव जुळला की कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमधून दोन चहा यायचे. तो चहा प्याला म्हणजे सौदा पक्का. लिहायचं नाही, सही नाही, हातावर हात नाही. कप तसाच ठेवून उठलं तर सौदा मोडला. ही रीत आमच्या दोघांचीच नव्हती, आळीतले जुने लोक असंच करायचे. पण आम्ही ती फार काटेकोर पाळली. चहा घेतल्यावर बाजार वर गेला, खाली आला, तरी कोणी तोंड उघडायचं नाही.

त्या अमृततुल्यमधलं पितळेचं मोठं पातेलं मीच विकलेलं होतं. त्यात दूध-पाणी-साखर एकत्र खदखदत असायची, वर आलं-वेलची कुटून पडायची, आणि मालक पळीनं चहा वर ओढून पुन्हा पातेल्यात सोडत राहायचा. कपडा पिळून गाळलेला तो चहा ओठांना चिकटणारा, गोड, दाट. आजच्या डॉक्टरांनी बघितला असता तर दारावर धोक्याची पाटी लावली असती. आम्ही मात्र त्याला औषध समजायचो. दादा तर चहाचा वैद्यच होता. दिवसभर हातोडी मारून त्याचा खांदा धरायचा, त्यावर आलं जास्त घातलेला चहा. भांड्यांना कल्हई करताना धूर घशात जायचा, त्यावर तुळस. त्याच्या दारात डालड्याच्या डब्यात गवती चहा लावलेला होता, सर्दी झाली की त्याची दोन पाती मोडून तो अमृततुल्यवाल्याकडे पाठवायचा, "यात टाक आणि झाकण ठेव" असा निरोप देऊन. डोकं दुखलं तर कडक, पोट बिघडलं तर बिनदुधाचा, लिंबू पिळून. माझ्या बायकोचा ताप एकदा उतरेना, तेव्हा त्यानं गवती चहाची जुडीच माझ्या पिशवीत कोंबली होती. ताप डॉक्टरच्या गोळीनं उतरला की त्यानं, यावर आम्ही नंतर वर्षभर वाद घातला.

माझ्या रागावरही त्यानं चहाच लावून दिला होता. माझा राग तेव्हा पेठेत प्रसिद्ध होता. एखादं गिऱ्हाईक भाव ठरल्यावर मागे सरलं की माझ्या कानशिलातून वाफ यायची. मी उठायच्या आत दादा माझ्या हातात कप द्यायचा. इतका गरम की घोट घेता येत नाही आणि खाली ठेवायला जागा नाही. तो निवेपर्यंत गिऱ्हाईक सुखरूप गल्लीबाहेर गेलेलं असायचं. कोणीतरी एकदा विचारलं, चहा तब्येतीला चांगला असतो का हो? दादा म्हणाला, "शेठच्या तब्येतीला फार चांगला. पिताना तोंड बंद राहतं."

पायरीवर आम्ही नुसता सौदाच करत नव्हतो, पण ते तेव्हा लक्षात आलं नाही. मुलाच्या दहावीचे मार्क मी बायकोच्या आधी त्याला सांगितले होते. त्याच्या धाकटीच्या लग्नात जेवणाला किती माणसं धरायची हे आम्ही चहाचे दोन कप संपवून ठरवलं. त्याचे वडील गेले तेव्हा तेरावं झाल्यावर तो पायरीवर येऊन बसला. मी दोन चहा सांगितले. तो प्याला. मग म्हणाला, "दाखवा काय आणलंय." मी त्या दिवशी घासाघीस केली नाही. त्याला ते आवडलं नाही. "मला दया नको, भाव सांगा," म्हणाला, आणि मला खाली आणल्यावरच थांबला.

मग तो दिवस आला. एका जुन्या घराण्याचा सगळा संच माझ्याकडे आला होता. बंब, घंगाळी, मोठी पातेली, पाण्याचे हंडे, सगळं जाड तांब्याचं. असा माल आता निघत नाही. मी तो दुसऱ्या कोणाला दाखवलासुद्धा नाही. दादानं दोन दुपारी तो उलटापालटा करून पाहिला, तिसऱ्या दुपारी भाव जुळला. दोघांनाही दुखेल असा भाव, म्हणजे बरोबर भाव. मी खूश होतो. चहा आला. मी घेतला. त्यानं कप हातात घेतला, क्षणभर धरला आणि पायरीवर ठेवला.

"आज नको," म्हणाला.

मला वाटलं गरम असेल. मी थांबलो. माझा कप संपला. त्याच्या चहावर साय धरली. मी म्हणालो, दादा, चहा. तो म्हणाला, नको म्हणालो ना. आमच्या समोर त्या वेळी आळीतले दोघे जण उभे होते, त्यांनीही पाहिलं. माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी विचारलं, "चहा नको म्हणजे सौदा नको, असंच ना?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आजही ते बघणं मला आठवतं. काहीतरी बोलेल असं वाटलं. पण तोही पुण्याचाच. म्हणाला, "तुम्हाला तसं समजायचं असेल तर तसं समजा."

मी तसंच समजलो. त्याच संध्याकाळी सगळा माल टेम्पोत भरून दुसऱ्या व्यापाऱ्याला देऊन टाकला. दादा दुकानाच्या दारात उभा राहून बघत होता. भांडी टेम्पोत आपटत होती, तो आवाज त्याला आतून लागत असणार, मला ठाऊक होतं. मी भांडी जरा जास्तच आपटून भरायला लावली.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. एकाच पायरीवरून दोघं ये-जा करायचो, तो डावीकडून, मी उजवीकडून. मी दुपारचा चहा आत खुर्चीवर बसून प्यायला लागलो. तो काय पितो ते मी बघत नव्हतो, असं मी म्हणायचो. पुढे माझे आधीच दुखरे गुडघे पार गेले, दुकान मी भाड्यानं दिलं आणि वारज्याला कायमचा राहायला आलो. तिथे सून मला प्रेमानं ग्रीन टी देते. ती हिंजवडीला कंपनीत असते, सकाळी कंपनीची बस पकडायच्या घाईत गरम पाण्यात पुडी बुडवून माझ्यासमोर ठेवते आणि म्हणते, "बाबा, ट्राय करा ना, अँटिऑक्सिडंट्स असतात." असतील. मला त्यात भिजलेल्या गवताची चव लागते. टाळेबंदीत तर सगळं शहरच वैद्य झालं होतं. जो तो आलं, तुळस, मिरी, गवती चहा उकळत बसला होता आणि मोबाइलवर एकमेकांना त्याचे फायदे पाठवत होता. मी ते वाचायचो आणि मनात म्हणायचो, यातलं नवीन काय? हे सगळं आमच्या पायरीवर एक माणूस फुकट सांगायचा. मग त्या माणसाची आठवण आली म्हणून स्वतःवरच चिडायचो.

तर त्या दिवशी दवाखान्यातून घरी आलो आणि बायकोसमोर कुरकुर सुरू केली. दोन कप म्हणे, जेवणावर नको म्हणे, रक्त कमी होतं म्हणे. ती मेथी निवडत होती. तिनं एक काडी बाजूला टाकली आणि शांतपणे म्हणाली, "त्यांनाही हेच सांगितलं होतं."

मी विचारलं, कोणाला?

"दादांना. तेव्हा त्यांना चक्कर यायची. डॉक्टरांनी जेवणावरचा चहा बंद केला होता. त्यांच्या बायकोनं मला मंडईत सांगितलं."

"कधी?"

"तुमचं भांडण झालं त्याच आठवड्यात."

 मी ओरडलो, की हे तू मला आज सांगतेस? तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. "अहो, तुम्हीच बजावलं होतंत, या घरात त्या माणसाचं नाव निघालं तर मी पानावरून उठेन. तुम्ही उठलात की मला उपास. मी कशाला नाव काढू?" एवढं बोलून ती पुन्हा मेथीकडे वळली. तिच्याशी घासाघीस करून मी कधी जिंकलेलो नाही.

त्या रात्रीचं सोडा. सकाळी उठलो तो संतापलेलाच. माझा राग आता अधिक पक्का झाला होता. सौदा मोडला म्हणून जो राग होता, तो या रागापुढे काहीच नव्हता. आजारी होता तर सांगायला काय झालं होतं? दोन शब्द. दोन शब्दांसाठी यानं माझी इतकी वर्षं घालवली. रागाच्या भरात मी दिवसाचे दोन्ही कप सकाळी नऊच्या आत संपवले, जेवलो आणि बसनं कसब्यात गेलो.

आळीत हातोड्यांचा आवाज पूर्वीच्या मानानं फारच कमी झालाय. पायरी मात्र होती. तो तिच्यावर बसून तांब्याच्या पाण्याच्या बाटलीला फडक्यानं झळाळी देत होता. शेजारी अशा पाच-सहा बाटल्या उभ्या होत्या. हल्ली आयटीतली मुलं तब्येतीसाठी तांब्यातलं पाणी पितात, त्यांच्यासाठी. आपल्या आज्यांनी हंडे विकले आणि नातवंडं बाटल्या घेतायत. धंद्याला अक्कल असते, लोकांना नसते. तो वाळला होता. मान थोडी हलत होती. मला पाहून त्यानं फडकं थांबवलं नाही.

"वाट चुकलात?" म्हणाला.

"उत्तर घ्यायला आलोय."

"प्रश्न कळू द्या."

मी उभ्यानंच बोलायला लागलो. त्या दिवशी डॉक्टरनं चहा बंद केला होता हे तोंडानं सांगता येत नव्हतं का, चारचौघांत माझा अपमान का केला, सौदा झाल्यावर कप खाली ठेवायचा अर्थ तुम्हाला माहीत नव्हता का, असं सगळं. मोठ्यानं बोलावं लागलं, कारण हातोडीनं त्याचे कान गेलेत. त्यामुळे मी इतक्या वर्षांत कोणाला न सांगितलेलं सगळं अख्ख्या आळीनं ऐकलं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं. बाटली खाली ठेवली.

"कोणाला सांगायचं होतं? तुम्हाला?" तो म्हणाला. "शेठ, पलीकडच्या गल्लीतल्या त्या बाईंचा नवरा दवाखान्यात आहे असं कळल्यावर तुम्ही त्यांच्या हंड्याचा भाव किती पाडलात, आठवतंय? मी शेजारी बसलो होतो. आजारी माणसाचा भाव पडतो, हे वाक्य तुमचं. मी आजारी आहे कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही मला काय भाव लावला असतात?"

मी म्हणालो, "चढा लावला असता. का नाही लावणार? धंदा होता तो." आणि खरंच, मला त्यात वावगं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही, त्यानंही माझ्या गुडघ्यांवर नजर ठेवून मला कितीदा खाली आणलं होतं. पण पुढचं वाक्य मी ठरवून बोललो नव्हतो. ते आपसूक आलं. "पण चहा चार वाजता नेला असता, दादा. तेवढं विचारायचं होतंत."

 त्यानं फडकं खाली ठेवलं.

"चार वाजता," तो म्हणाला. मग पुन्हा, अगदी हळू, जणू एखाद्या भांड्याला टिचकी मारून आवाज ऐकतोय असं, "चार वाजता चालला असता."

मी पायरीवर बसलो. गुडघे दुखत होते म्हणून बसलो, असं त्याला सांगितलंही. गल्लीतून एक स्कूटर गेली, एक भाजीवाली गेली. आम्ही दोघं समोरच्या भिंतीकडे बघत होतो. मला वाटतं आम्ही दोघंही तेच करत होतो, इतक्या वर्षांतल्या सगळ्या दुपारी मनातल्या मनात दोन-तीन तास पुढे सरकवून बघत होतो.

चारला थोडा अवकाश होता. तो म्हणाला, मग सांगू का? मला नकाराची मान हलवावी लागली. माझे दोन झाले होते. त्याला वाटलं मी अजून रागात आहे. त्याच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसलं. पूर्वीचा मी असतो तर तसाच उठून आलो असतो आणि त्याला काय समजायचं ते समजू दिलं असतं. पण मी सांगितलं. रक्त कमी आहे, दिवसाला दोनच, साखर अर्धा चमचा, जेवणावर बंद, आजचा वाटा सकाळीच संपवून बसलोय, सगळं. माझा आजार मी कोणत्याही व्यापाऱ्याला असा उघडून दाखवलेला नाही.

"कोणी मोजलेत?" त्यानं विचारलं.

"डॉक्टरीणबाईंशी ठरलंय."

"मग नको," तो लगेच म्हणाला. ठरलेलं मोडा, असं तो म्हणाला असता तर मला वाईट वाटलं असतं. "उद्या या. एक राखून या."

दुसऱ्या दिवशी मी सकाळी एकच घेतला. चारच्या सुमारास पायरीवर पोचलो. त्याचा चहा बिनदुधाचा आला, गवती चहा आणि किंचित गूळ घातलेला. माझा दुधाचा, बेताच्या साखरेचा. जुन्या चहाची चव कशालाच नव्हती. अमृततुल्यवाल्याचा मुलगा बसतो आता, त्याच्याकडे पितळेचं पातेलंही नाही. मी म्हणालो, पाणचट आहे. दादा म्हणाला, मग पिऊ नका. मी प्यालो.

अर्धा कप झाल्यावर त्यानं विचारलं, "तो माल शेवटी कितीला गेला?"

खरेदी-विक्रीचा खरा भाव व्यापारी बायकोलाही सांगत नाही. मी त्याला सांगितला. घाईत, रागात, जेवढ्याला गेला होता तेवढा. त्याच्याशी ठरलेल्या भावापेक्षा तो इतका खाली होता की ऐकून दादाचे आधी खांदे हलले, मग तो खोकत खोकत हसायला लागला आणि त्याच्या हातातला निम्मा चहा सदऱ्यावर सांडला. "शेठ," तो डोळे पुसत म्हणाला, "तुम्हाला लुटलं हो कोणीतरी." मीही हसलो. इतका तोटा आठवून मला हसू येईल असं कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

त्याला दुसरा कप मिळणार नव्हता. त्याच्या डॉक्टरनं त्यालाही माप घालून दिलं होतं. मी माझ्या कपात उरलेला होता तो त्याच्या बशीत ओतला, आणि हा धरून तुमचा एकच झाला असं बजावलं. दुधाचा आहे, चालेल का, असंही विचारलं. तो म्हणाला, जेवून तीन तास झालेत, आणि बशी तोंडाला लावली.